पट्टा तुटण्याआधी ओळखा : मळणी यंत्र व ट्रॅक्टरच्या पट्ट्यांची पारख

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी साधारणपणे फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्चअखेरपर्यंत खळी चालू राहतात. कणसे मोडून ढीग लागलेला असतो, चार दिवस वाट पाहून मळणी यंत्राचा नंबर लागलेला असतो, मजूर सकाळीच आलेले असतात, आणि तासाभरात पट्टा तुटतो. पट्टा असतो काही शे रुपयांचा. परंतु तो आणायला कोणीतरी मोटारसायकलवर तालुक्याला जातो, तेथे नेमका तो नंबर मिळत नाही, मग सोलापूर गाठावे लागते. मजुरांचा दिवस वाया जातो आणि यंत्र दुसऱ्याच्या खळ्यावर निघून जाते. त्यात आभाळ आले तर जिवाला घोर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट व अवकाळी पाऊस झाला, तो काळ आपण विसरला नसाल. खळ्यावर भिजलेल्या कणसांतील दाणे काळे पडतात, आणि काळ्या ज्वारीला बाजारात काय भाव मिळतो हे आपणांस सांगावयास नको.

प्रस्तुत लेखक पीकशास्त्र शिकवितो, यंत्रशास्त्र नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण खराब पट्ट्याचे सर्वांत मोठे नुकसान पट्टा तुटण्याने होत नाही. तुटण्यापूर्वी कित्येक दिवस तो घसरत असतो आणि त्या काळात आपले धान्य भुसकटात जात असते. पट्टा तुटला की सर्वांना कळते. घसरणारा पट्टा मात्र हंगामभर तसाच चालतो आणि दोष दिला जातो वाणाला, ओलाव्याला किंवा यंत्रवाल्याला.

घसरणाऱ्या पट्ट्याचा हिशेब

समजा, १४४० फेऱ्यांच्या विजेच्या मोटारीवर ५ इंची पुली आहे आणि ड्रमवर १० इंची. पट्टा नीट धरत असेल तर ड्रमचे मिनिटाला ७२० फेरे होतात. पट्टा १० टक्के घसरला तर ते ६४८ वर येतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. परंतु कणसावर बसणाऱ्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग १० टक्के घटला की आघात सुमारे १९ टक्के घटतो. त्याच दांड्यावरून पंखा चालत असेल तर वाऱ्याचा दाबही तेवढाच कमी होतो. परिणामी कणसात दाणे शिल्लक राहतात, आणि जे दाणे सुटतात त्यांत भुसकट मिसळून येते. दोन्हीकडून तोटा.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय केले जाते? ट्रॅक्टरचा थ्रॉटल वाढवितात. हा उपाय घातक आहे. पट्टा घसरतो भार आल्यावर. कणसे कमी पडली की तो पुन्हा धरतो आणि वाढविलेल्या थ्रॉटलमुळे ड्रम जरुरीपेक्षा जोरात फिरतो. मग दाणे फुटतात. खाण्याच्या ज्वारीत फुटका दाणा लवकर किडतो. बियाण्यासाठी राखलेल्या ज्वारीत तर डोळ्यांना न दिसणारी चीर पडलेला दाणाही उगवणीला कमी पडतो. तेव्हा भुसकटात दाणे दिसू लागले की थ्रॉटलला हात लावण्याआधी यंत्र थांबवून पट्टा पाहावा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाहिलेले

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारी औद्योगिक वसाहत आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे. तेथील यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांकडचा माणूस शहरात जाता-येता या वसाहतीवरून जातो, पण आत यंत्रे कशी राखतात हे सहसा पाहत नाही. एका कामानिमित्त तेथील एका लहान कारखान्यात जाण्याचा योग आला, तेव्हा पट्ट्यांविषयी जे शिकलो ते पुस्तकात इतके स्पष्ट वाचले नव्हते.

जुन्या धाटणीच्या मागात धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो. त्याला ठराविक वेळात पलीकडे पोहोचावेच लागते. मोटारीवरचा पट्टा घसरून मागाची गती घटली की धोटा उशिरा पोहोचतो आणि माग खाडकन थांबतो. म्हणजे तेथे घसरणाऱ्या पट्ट्याची शिक्षा लगेच मिळते. शिवाय झिजणाऱ्या पट्ट्याची काळी पूड उडते, आणि ती पांढऱ्या टॉवेलवर बसली तर माल दुय्यम प्रतीत जातो. त्यामुळे तेथील जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारा कारागीर, पट्टा तुटण्याची वाट पाहत नाही. मी ज्याच्याशी बोललो तो जॉबर आपल्या तेलुगू वळणाच्या सोलापुरी मराठीत म्हणाला की, तो रोज आल्यावर आधी मोटारीखालची फरशी पाहतो, मग कान देतो आणि माग बंद झाल्यावर पुलीला हात लावतो. काळी पूड वाढली, आवाज बदलला किंवा पुली तापली, यांतले एक जरी दिसले तरी पट्टा ताणून पाहायचा. ताणूनही फरक पडला नाही तर बदलायचा. भिंतीवर त्याचे नव्या पट्ट्यांचे जोड टांगलेले होते.

आपल्या मळणी यंत्राखाली फरशी नसते, माती आणि भुसकट असते, म्हणून पूड दिसत नाही. धोटाही नसतो, म्हणून यंत्र थांबत नाही. एवढाच काय तो फरक. पट्टा तोच, त्याच मापाचा आणि बऱ्याचदा त्याच दुकानातून घेतलेला.

पट्टा धरतो कोठे?

बहुतेक मळणी यंत्रे, कडबाकुट्टी व पिठाच्या चक्क्यांवर असतात ते व्ही आकाराचे पट्टे. पुष्कळांची समजूत अशी की, पट्टा खाचेच्या तळावर दाबून बसतो आणि पुली ओढतो. तसे नाही. पट्ट्याच्या दोन्ही तिरप्या कडा खाचेच्या भिंतींत पाचरीसारख्या रुततात आणि त्या पाचरीच्या पकडीवर सगळी शक्ती जाते. तळाशी पट्ट्याने टेकायचेच नसते. नवा पट्टा नव्या पुलीत बसविला की त्याची पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर राहते आणि खाली मोकळी जागा उरते.

हे एकदा ध्यानात आले की पुढची सगळी पारख सोपी होते. पट्ट्याच्या कडा झिजल्या की तो अरुंद होतो आणि खाचेत खाली उतरतो. उतरता उतरता एक दिवस तळाला टेकतो. मग पाचर सुटते. त्यानंतर आपण कितीही ताणा, तो घसरणारच. म्हणून पट्टा बाजूला करून खाचेचा तळ पाहावा. तो गंजलेला, मळकट असेल तर ठीक. आरशासारखा चमकत असेल तर पट्टा तळाला घासतो आहे हे नक्की समजावे. मला विचाराल तर ही एकच खूण प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावी.

हंगामापूर्वीची तपासणी

ही तपासणी जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास करावी. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. यात्रेला जाणार असाल तर येताना पट्टे आणता येतील. हंगाम सुरू झाल्यावर दुकानात गर्दी असते आणि जो नंबर आपल्याला हवा तोच संपलेला असतो.

यंत्र पूर्ण बंद करावे. ट्रॅक्टरची चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, मोटार असेल तर फ्यूज काढावेत. जाळी उघडून पट्टा कोरड्या फडक्याने पुसावा आणि हाताने थोडा थोडा फिरवीत संपूर्ण लांबी पाहावी. पट्ट्याचा दोष बहुधा एखाद्या वीतभर भागात असतो आणि तो भाग नेमका पुलीखाली दडलेला असतो.

पट्टा उलटा वाकवून आतली बाजू पाहावी. आडव्या बारीक चिरा दिसल्या तर रबर उष्णतेने वाळले आहे. एखाद-दुसरी वरवरची चीर असेल तर पट्टा काही दिवस चालेल, परंतु जवळजवळ अनेक चिरा असतील किंवा एखादी चीर आतल्या दोऱ्यांपर्यंत गेली असेल तर तो बदलावा. त्याचा हंगाम संपला आहे.

कडा बोटाने चाचपाव्यात. चांगल्या पट्ट्याची कड खरखरीत, कापडासारखी लागते. ती गुळगुळीत, काचेसारखी चमकदार झाली असेल तर पट्टा घसरून घसरून भाजला आहे. अशा कडेला कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासून खरखरीत करण्याची रीत काही ठिकाणी आहे. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण पट्टा आणखी अरुंद होतो.

कडेचे कापड फाटून दोरे लोंबत असतील तर दोन पुली एका रेषेत नाहीत, किंवा पट्टा कोठेतरी जाळीला घासतो. एकाच कडेला झीज असेल तर रेषेचा दोष जवळजवळ निश्चित. पट्टा फुगलेला, मऊ, हाताला चिकट लागत असेल तर त्यावर तेल, ग्रीस किंवा डिझेल पडले आहे. तेलाने फुगलेले रबर पुन्हा पूर्ववत होत नाही. पट्टा बदलावा, आणि त्याआधी तेल कोठून गळते ते शोधावे. नाहीतर नव्या पट्ट्याचीही तीच गत.

एकाच जागी खोलगट भाजल्यासारखा खड्डा असेल, तर ड्रम अडकून बसला असता मोटारीची पुली पट्ट्याखाली गरगरत राहिली होती. मळणीत हे फार घडते. कणसे ओली असली किंवा एकदम जास्त टाकली की ड्रम कोंडतो, आणि धूर दिसेपर्यंत कोणी यंत्र बंद करीत नाही. असा खड्डा पडलेला पट्टा प्रत्येक फेऱ्याला उडी मारतो आणि ती धडक बेअरिंगला सोसावी लागते.

पुली तपासल्याशिवाय पट्टा बदलू नये

ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. नवा पट्टा घातला आणि महिन्यात गेला, कंपनी वाईट, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बऱ्याचदा पट्टा चांगला असतो, पुली गेलेली असते. आपल्या भागातील बारीक माती आणि भुसकट पट्ट्याच्या कडेला चिकटून कानशीचे काम करतात. वर्षानुवर्षे घासून खाचेच्या सरळ भिंती आत पोखरल्या जातात. अशा खाचेत नव्या पट्ट्याची कड सबंध टेकत नाही, फक्त दोन ठिकाणी टेकते आणि तेथेच झिजते.

पारख सोपी आहे. करवतीचे जुने सरळ पाते खाचेच्या भिंतीवर उभे लावावे आणि पलीकडून बॅटरीचा उजेड पाडावा. पाते आणि भिंत यांमध्ये उजेडाची रेघ दिसली तर भिंत पोखरली आहे. ही पोकळी पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, साधारण जाड पोस्टकार्डाच्या दोन-तीन घड्या मावतील इतकी, तर पुली बदलावी किंवा चांगल्या लेथवर खाच पुन्हा कापून घ्यावी. खाच कापून घेतल्यास पट्टा थोडा खोल बसतो व फेऱ्यांत किंचित फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे. लेथवाल्याकडे जाताना पट्ट्याचा तुकडा सोबत न्यावा. पट्ट्याचा कोन ४० अंशांचा असतो आणि खाच त्यापेक्षा थोड्या कमी कोनाची, पुलीच्या आकाराप्रमाणे ३४ ते ३८ अंशांची असते. नुसत्या अंदाजाने कापलेली खाच नवा पट्टा खाऊन टाकते.

दोन्ही पुली एका रेषेत आहेत की नाहीत ते दोरीने पाहावे. एका पुलीच्या बाहेरच्या तोंडावरून दुसऱ्या पुलीच्या तोंडापर्यंत दोरी घट्ट धरली की ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुलींमधील दर मीटर अंतराला ८ मि.मी.पर्यंतचा फरक कसाबसा चालतो. त्यापेक्षा अधिक असेल तर मोटारीची बैठक सरकवावी. खळ्यावर यंत्र उभे करताना चाकाखाली एका बाजूला दगड लावला जातो आणि सांगाडा पिळतो. रेषा चुकण्याचे तेही एक कारण आहे.

ताणावा की बदलावा?

पट्टा सैल वाटला म्हणजे तो गेलाच असे नाही. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा लांबतो आणि खाचेत बसतो. त्यामुळे नवा पट्टा घातल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि दिवसभराच्या कामानंतर पुन्हा एकदा ताण तपासणे आवश्यक आहे. नव्या पट्ट्यांचे आयुष्य बहुधा याच पहिल्या दिवशीच्या आळसाने कमी होते.

ताण मोजण्याची रीत अशी. दोन पुलींच्या मध्यांतील अंतर मोजावे. पट्ट्याच्या बरोबर मध्यावर दाब दिला असता दर मीटर अंतरामागे १६ मि.मी. इतका तो दबला पाहिजे. म्हणजे ६० सें.मी. अंतर असेल तर साधारण १० मि.मी. बी मापाच्या पट्ट्याला त्यासाठी अंदाजे २ ते ३.५ किलो जोर लागावा. घरातील ताणकाटा पट्ट्याला अडकवून ओढला तरी हे मोजता येते. फारच कमी जोरात दबला तर पट्टा सैल आहे. जास्त जोर लागला तर तो अति ताणला आहे, आणि अति ताण बेअरिंग खातो.

आता निर्णय. ताण दिल्यावर पट्टा किंचाळणे थांबले, पुली गार राहिली आणि पट्ट्याची पाठ काठाजवळ असेल तर तो ठेवावा. आठवड्याभरात पुन्हा पुन्हा ताणावा लागत असेल तर आतले दोरे तुटू लागले आहेत, तो बदलावा. मोटार सरकविण्याची खाच संपली असेल आणि आणखी ताणायला जागाच नसेल तर बदलावा. पट्टा तळाला टेकत असेल तर ताणण्यात वेळ घालवू नये.

पुली तापण्याची खूणही उपयोगाची आहे. दहा-पंधरा मिनिटे भार देऊन यंत्र बंद करावे, सर्व भाग पूर्ण थांबल्याची खात्री करून मग पुलीला हात लावावा. हात ठेववत नसेल इतकी ती गरम असेल तर पट्टा घसरतो आहे. रबराला उष्णता सोसत नाही. पट्ट्याचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात आधीच पारा चाळिशी ओलांडतो. त्यात घसरण्याची उष्णता मिळाली की पट्टा किती दिवस टिकणार?

राळ, डांबर, साबण किंवा बाटलीतले चिकट द्रव्य पट्ट्यावर टाकण्याची सवय सोडावी. जुन्या ऑईल इंजिनांवरच्या सपाट पट्ट्यांना राळ लावीत, तेथून ही सवय आली. व्ही पट्ट्यावर राळेचा थर बसला की धूळ चिकटते आणि कडा जळतात.

नवा पट्टा घेताना आणि घालताना

पट्ट्याच्या पाठीवर अक्षर आणि आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ बी ५२. अक्षर हे जाडीचे माप. ए म्हणजे वरची रुंदी १३ मि.मी., बी १७ मि.मी., सी २२ मि.मी. आकडा हा आतल्या बाजूची लांबी इंचांत दाखवितो. बी च्या खाचेत ए चा पट्टा बसतो, पण तो तळाला टेकतो. तात्पुरती सोय म्हणूनही असे करू नये. जुना पट्टा मोजून नवा आणल्यास फसगत होते, कारण जुना लांबलेला असतो. छापील नंबर पुसला जाण्यापूर्वीच तो यंत्राच्या जाळीच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावा. पट्टा घेताना बनविणाऱ्याचे नाव आणि भारतीय मानक २४९४ चा उल्लेख पाहावा. आपल्याच राज्यात नागपूरजवळ हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत असे पट्टे तयार होतात, तेव्हा चांगला माल दुर्मीळ नाही. नाव नसलेला स्वस्त पट्टा मात्र एका खळ्याचाही सोबती नसतो.

ड्रमवर दोन किंवा तीन पट्टे असतील तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे बदलावेत. येथे माझाच अनुभव सांगतो. आमच्या घरच्या यंत्रावर तीन पट्टे होते. एक तुटला म्हणून तेवढाच नवा आणला. जुने दोन लांबलेले, नवा आखूड. सगळा भार नव्यावर आला आणि चौथ्या दिवशी तो तुटला. वडील म्हणाले, "पोरगं शिकलंय, पण पैसं वाचवायला गेलं." त्यांचे बरोबर होते. उरलेले जुने दोन पट्टे अगदी टाकून देण्याऐवजी वेगळे बांधून ठेवता येतात, अडचणीत जोडीने वापरण्यासाठी. पण नव्याशी त्यांची मोट बांधू नये.

पट्टा चढविताना मोटार किंवा ताण देणारी पुली आधी पूर्ण सैल करावी. पट्टा पहारीने किंवा टॉमीने उचकटून पुलीवर चढविला की वरून काही दिसत नाही, परंतु आतले दोरे एका कडेने तुटतात. काही दिवसांनी तो खाचेत उलटा पडतो आणि आपण पुन्हा कंपनीला दोष देतो. यंत्र चालू करून पट्टा सरकवीत चढविणे हा तर बोटे गमावण्याचा मार्ग आहे.

ट्रॅक्टर आणि पिकअपचे पट्टे

ट्रॅक्टरच्या पुढील बाजूचा फॅन बेल्ट सर्वसाधारणपणे तीन कामे करतो. तो पंखा फिरवितो, पाण्याचा पंप चालवितो आणि अल्टरनेटरमार्फत बॅटरी भरतो. तो सैल झाला की इंजिन हळूहळू तापते. तो तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि तापमानाचा काटा वर चढू लागतो. ही दोन्ही चिन्हे एकदम दिसली की बांधापर्यंत जाऊ असे म्हणू नये, तेथेच इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकले किंवा गॅस्केट जळले तर खर्च हजारांत जातो. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड होईपर्यंत उघडू नये.

हा पट्टा दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण १० ते १५ मि.मी. दबावा. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरावा. साधारण दर ५० तासांनी, इतर देखभालीबरोबर, हा ताण पाहावा. सकाळी गारठ्यात इंजिन चालू करताच किंवा रात्री दिवे लावताच किंचाळी ऐकू आली तर पट्टा अल्टरनेटरच्या भाराला कमी पडतो आहे.

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्यांत आता बहुधा रुंद, सपाट आणि आतून बारीक धारा असलेला रिब पट्टा असतो. याची पारख थोडी वेगळी आहे. जुन्या रबराच्या पट्ट्याला चिरा पडत आणि त्या मोजून पट्टा बदलत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेल्या नव्या रबराला सहसा चिरा पडतच नाहीत. तो टायरसारखा झिजतो. धारा बारीक होतात, मधल्या खाचा रुंदावतात आणि पट्टा पुलीच्या दातांवर खोल बसतो. म्हणून चिरा नाहीत, पट्टा चांगला आहे, असे समजू नये. नव्या पट्ट्याशेजारी ठेवून धारांची जाडी पाहावी.

याखेरीज काही गाड्यांच्या इंजिनात झाकणाखाली दातांचा टायमिंग पट्टा असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि बऱ्याचदा सूचना न देता तुटतो. तुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. त्याच्या बाबतीत पारख वगैरे करीत बसू नये. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे भरली की तो बदलावा. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाला तो केव्हा बदलला हे सांगता येत नसेल तर बदललाच नाही असे धरून चालावे.

जाळीविषयी

मळणी यंत्रांवर होणारे अपघात इतके वाढले होते की, १९८३ मध्ये केंद्र शासनाला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. बहुतेकांचे लक्ष कणसे टाकण्याच्या तोंडाकडे असते, परंतु पट्टा आणि पुली यांच्या सापटीतही बोटे, धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल आणि साडीचा पदर सापडतो. पट्टा पुन्हा पुन्हा सैल होतो म्हणून जाळी काढून ठेवली जाते, ती मग हंगामभर खळ्याच्या कडेला पडून राहते. पट्टा वेळेवर बदललेला असेल तर जाळी उघडण्याची वेळच कमी येते. कणसे देणाऱ्या स्त्रियांनी पदर खोचून घ्यावा. पट्ट्याच्या बाजूला मुलांना फिरकू देऊ नये.

राखीव जोड कसा ठेवावा

दुकानातून आणलेला नवा जोड पत्र्याच्या छपराखाली खिळ्याला टांगू नये. खिळ्यावर पट्ट्याला एकाच जागी बाक येतो आणि तेथील दोरे दुखावतात. रुंद लाकडी खुंटीवर किंवा डालडाच्या जुन्या डब्यावर तो सैल टांगावा. ऊन, डिझेलचा कॅन, खताची पोती आणि चालू मोटार यांपासून तो दूर असावा. पट्ट्याला चिठ्ठी बांधून त्यावर यंत्राचे नाव, पट्ट्याचा नंबर आणि घेतल्याचे साल लिहावे. तो घरातील कोणालाही सापडेल अशा जागी असावा, कारण खळ्यावर पट्टा तुटतो तेव्हा आपण स्वतः बहुधा तेथे असतो आणि पट्टा आणायला घरी धाडलेला असतो दुसराच कोणी.